ऑक्सिजन नियम का मोडतो?

दहावीपर्यंत मी बेळगावात मराठी माध्यमात शिकले. पीयूसीला विज्ञान घेतलं आणि सगळं एकदम इंग्रजीत आलं. मग मी सोपा मार्ग धरला: समजो वा न समजो, वाक्य पाठ करायचं. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना आयनीभवन ऊर्जा वाढते, हे वाक्य मला इंग्रजीत झोपेतही म्हणता यायचं. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "मग ऑक्सिजनची नायट्रोजनपेक्षा कमी का?" मी गप्प. सर म्हणाले, "मराठीत सांग, चालेल." मराठीतही काही सांगता येईना! भाषेवर ढकलायची सोयही गेली. मला विषयच कळला नव्हता.

त्या प्रश्नाचं उशिरा सापडलेलं उत्तर इथे लिहिते आहे.

वायुरूपातल्या सुट्या अणूतून सर्वांत सैल धरलेला एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला जी ऊर्जा लागते, ती त्याची पहिली आयनीभवन ऊर्जा. दुसऱ्या आवर्तातले आकडे किलोज्यूल प्रति मोल या एककात असे आहेत:

लिथियम ५२०, बेरिलियम ९००, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरीन १६८१, निऑन २०८१.

एकंदर चढण आहे, हे खरंच. लिथियमच्या केंद्रकात ३ प्रोटॉन, निऑनच्या केंद्रकात १०. प्रत्येक घराला केंद्रकावरचा धनप्रभार एकाने वाढतो, पण नवा इलेक्ट्रॉन त्याच दुसऱ्या कवचात जातो. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसं झाकू शकत नाहीत. म्हणून ओढ वाढते, अणू आकसतो आणि इलेक्ट्रॉन काढणं अवघड होत जातं.

निऑननंतर सोडियम येतं आणि आकडा धाडकन ४९६ वर उतरतो. कारण दुसरं कवच ८ इलेक्ट्रॉनांनी भरलं. अकरावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचात, लांब आणि वरच्या ऊर्जापातळीवर जातो. मधले १० इलेक्ट्रॉन पडद्यासारखे आड येतात. तो एक इलेक्ट्रॉन काढल्यावर सोडियममधून दुसरा काढायला गेलो, तर ४५६२ लागतात, म्हणजे नऊ पटींहून जास्त! कवच बदललं की आकडाच तसं सांगतो.

पण या चढणीत दोन खड्डे आहेत. पाठांतर करताना मी दोन्ही ओलांडून गेले होते.

पहिला खड्डा बोरॉनचा. दुसऱ्या कवचात दोन उपकवचं आहेत, एस आणि पी. एस उपकवचातला इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जास्त जवळ पोचू शकतो, म्हणून त्याची पातळी खालची. पी ची थोडी वरची. बेरिलियमचे बाहेरचे दोन्ही इलेक्ट्रॉन एस मध्ये असतात. बोरॉनचा पाचवा इलेक्ट्रॉन पी मध्ये जातो. तो आधीच वरच्या पातळीवर, शिवाय एस मधले दोघं त्याला थोडं झाकतात. म्हणून प्रोटॉन एक जास्त असूनही तो लवकर सुटतो.

दुसरा खड्डा सरांच्या प्रश्नातला. पी उपकवचात सारख्या ऊर्जेच्या तीन कक्षिका असतात. वर्गातली तीन बाकं समजा, प्रत्येक बाकावर दोघांची जागा. इलेक्ट्रॉन ऋणप्रभारित, एकमेकांना दूर लोटणारे. म्हणून आधी प्रत्येक जण वेगळं बाक पकडतो. नायट्रोजनमध्ये तिघं तीन बाकांवर, एकेकटे. ऑक्सिजनचा चौथा आला की त्याला कोणाच्या तरी शेजारी बसावंच लागतं. त्या जोडीत परस्परांचं प्रतिकर्षण वाढतं आणि त्यातला एक काढणं सोपं होतं: १४०२ वरून १३१४. (इलेक्ट्रॉन खरोखर बाकावर बसल्यासारखे एका जागी नसतात. उपमा इथपर्यंतच ताणायची.)

हे समजलं तेव्हा मला गंमत वाटली. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये आवर्तसारणी मांडली, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीतही नव्हता. थॉमसनने तो दाखवला १८९७ मध्ये. म्हणजे मूलद्रव्यांच्या वागण्यातला क्रम आधी दिसला, कारण मागाहून कळलं. आणि ते कारण खरं आहे का, हे तपासायला मला चढणीपेक्षा हे दोन खड्डेच जास्त उपयोगी पडले. नुसती चढण वाढत्या धनप्रभारानेही समजावता येते. खड्डे समजायला उपकवचं आणि कक्षिका मानाव्याच लागतात.

आता तुम्हीही तपासून पाहा. हेच कारण असेल, तर तिसऱ्या आवर्तातही त्याच जागी खड्डे हवेत. मॅग्नेशियम ७३८, ॲल्युमिनियम ५७८. फॉस्फरस १०१२, गंधक १०००. आहेत की नाहीत?

आणखी एक, सोडवायला: एका मूलद्रव्यातून पहिला, दुसरा, तिसरा इलेक्ट्रॉन काढायला अनुक्रमे ७३८, १४५१ आणि ७७३३ लागतात. नाव न बघता, त्याचा गण कोणता ते सांगा. आकडा कुठे उडी मारतो तेवढंच बघा.

इंग्रजीत पेपर लिहायचाच आहे, त्यातून सुटका नाही. पण मी आता आधी वहीच्या मागच्या पानावर मराठीत "का?" लिहिते आणि मराठीतच उत्तर लिहून बघते. जिथे पेन अडतं, तिथे मला कळलेलं नसतं.