डोळ्याच्या ड्रॉप्सची फळी

चि. बापू,

धाड गावात तुझं मेडिकल दुकान सुरू झालं, पेढे पोचले. औषधांची नावं तुला माझ्याहून जास्त पाठ असतील. पण नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून माझी 30 वर्षं डोळ्यांच्याच खात्यात गेली, म्हणून दुकानातल्या एकाच फळीबद्दल लिहितो.

मोतीबिंदू काढून आलेली माणसं तुझ्याकडे येतीलच. कुणी बुलढाण्याहून, कुणी जालन्याच्या गणपती नेत्रालयातून. ऑपरेशन थोड्या मिनिटांचं, पण आतली सूज उतरायला आठवडे लागतात. त्यासाठी स्टेरॉइडचे थेंब. चिठ्ठीवर बहुधा पहिल्या आठवड्यात सहा वेळा, मग पाच, मग चार असं उतरत जातं. म्हातारी माणसं दोन घोळ करतात. दुखायचं थांबलं की आठव्या दिवशी बंद. मग सूज उलटते. नाहीतर, डोळा कसा शांत राहतो म्हणून बाटलीमागून बाटली चालूच. हा घोळ जास्त वाईट. शंभरात पाच-सहा जणांच्या डोळ्याचा दाब या औषधानं फार चढतो, आणि बहुतेकदा चढताना दुखतही नाही. त्यातून काचबिंदू होतो, आणि काचबिंदूनं गेलेली नजर कुठलंच ऑपरेशन परत आणत नाही. तेव्हा कुणी तीच बाटली पुन्हा पुन्हा मागितली, तर आधी विचार : दाब कधी तपासला? तपासणीला जायचं म्हणजे त्यांचा एक रोज बुडतो. म्हणून ते तुझ्याकडे येतात, हेही ध्यानात असू दे.

प्रेडनिसोलोनची बाटली देताना गिऱ्हाइकासमोर हलवून दाखव. औषध दुधासारखं असतं, साका तळाशी बसतो. न हलवता टाकलं तर आधी नुसतं पाणी पडतं नि शेवटी गाळ. बऱ्याच बाटल्यांच्या टोपणात आतून खिळा असतो. टोपण घट्ट फिरवलं की भोक पडतं. लोक चुलीवर तापवलेली सुई खुपसतात, मग थेंबाची धार होते. थेंब एकच टाकायचा. दुसरा गालावरच येतो. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. बाटली फोडून महिना झाला की टाकून द्यायची. सहा आठवड्यांचा कोर्स असेल तर दुसरी लागणारच, हे पहिल्याच दिवशी सांग. नाहीतर तूच लुबाडतोस असं वाटायचं.

आता खरी गोष्ट. 2023 च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ आली, तेव्हा राज्यात सगळ्यात जास्त रुग्ण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात होते. तशी साथ आली की लोक चिठ्ठीशिवाय रांग लावतात. फळीवर एकाच नावाची दोन खोकी शेजारी-शेजारी असतात; एक साधं, दुसऱ्याच्या नावापुढे 'डी', म्हणजे त्यात डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड. घाईत हात नेमका दुसऱ्यावर पडतो. लाली दोन दिवसांत उतरते आणि दुकानदाराचं नाव होतं.

असंच नाव झालेल्या एका दुकानाचं गिऱ्हाईक माझ्या टेबलासमोर बसलं होतं. सोयाबीन काढताना बाईच्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. 'डी'चे थेंब घातले, लाली गेली, ती पुन्हा मळणीवर गेली. तीन आठवड्यांनी आली तेव्हा बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा व्रण होता. बुरशीचा. काडी-कुसळाबरोबर बुरशी आत जाते, आणि स्टेरॉइड तिला रान मोकळं करून देतं. व्रण भरला, पण पांढरा डाग, म्हणजे फूल, राहिलं. 'लवकर का नाही आलात?' असं विचारलं, तर म्हणाली, "बरं वाटत होतं ना."

शेड्यूल एचचं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही हे तू परीक्षेत लिहिलंच असशील. बाजाराच्या दिवशी, दुकानात दहा माणसं उभी असताना आणि त्यातला एक आपला मामेभाऊ असताना ते अवघड जातं. तरी नाही म्हण. शेजारच्या दुकानात तो जाईल, जाऊ दे.

आणि ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत कुणी म्हणालं, 'दुखणं वाढलंय, कालपेक्षा कमी दिसतंय', तर त्याला थेंब विकू नकोस. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी पाठव, गाडी करून.

आजीच्या फडताळात, देवाच्या कुंकवाच्या डबीमागे, तिच्या ऑपरेशनची अर्धी बाटली अजून असेल. मागच्या दिवाळीला मी पाहिली होती. घरात कुणाचा डोळा लाल झाला की ती हमखास काढते. तिला न सांगता आधी ती फेकून दे.

तुझा,
काका