‘आहे’ आणि ‘भजावे’ : देव, भूत व सृष्टिप्रयोजन यांविषयी शंकासमाधान

आपल्या मार्गातील तरुण उपदेशी अलीकडे तीन शंका एकत्रच विचारतात. देव दिसत नाही, तर तो मानावा कशावरून? भूतही दिसत नाही. मग देव मानावा आणि भूत मानू नये, हा भेद कोणत्या न्यायाने? आणि हे एवढे अफाट विश्व कशासाठी आहे? अशा शंकांना ‘नास्तिकपणा’ म्हणून गप्प बसविणे हे अध्यापकाचे काम नव्हे. शंकेवाचून समाधान नाही. आपली भाष्यपरंपराच पूर्वपक्ष मांडून मग सिद्धांताकडे जाणारी आहे. म्हणून प्रस्तुत पाठात या तिन्ही शंकांचा क्रमाने विचार करू.

प्रथम पदार्थविवेक ध्यानी घ्यावा. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न होत. जीव बद्ध आहे, पण मुक्त होण्यास योग्य आहे. देवता नित्यबद्ध आहेत. प्रपंच जड आहे. परमेश्वर तेवढा नित्यमुक्त, आणि म्हणून तोच एक मोचक. तिन्ही शंकांचे उत्तर या विभागणीतच आहे. मात्र ती केवळ पाठ असून भागत नाही, तिचा उपयोग करता आला पाहिजे.

आता भुताची शंका आधी घेऊ, कारण तीच लोकांना अधिक पीडते.

येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. ‘अमुक आहे काय?’ हा एक प्रश्न, आणि ‘अमुक भजण्यास किंवा भिण्यास योग्य आहे काय?’ हा दुसरा. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी देवता नाहीत असे निरूपिले नाही. देवता आहेत, चैतन्यमायेपासून कर्मभूमीच्या देवतांपर्यंत त्यांच्या पायऱ्या आहेत, त्यांची फळे आहेत. परंतु ती फळे नाशवंत आहेत, आणि मोक्ष देण्याचे सामर्थ्य त्यांपैकी एकीतही नाही. म्हणून त्या उपास्य नव्हेत. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील व्रतखंड चाळला, तर त्या काळी वर्षातील तिथी-तिथी व्रतांनी कशी व्यापली होती हे दिसते. अशा काळात ‘आहे’ म्हणून ‘भजावे’ ही गाठ स्वामींनी सोडविली, हे त्यांच्या निरूपणाचे मोठे वैशिष्ट्य होय.

हाच न्याय भुताला लावा. भूत नसेल, तर भय निराधार ठरले. वादापुरते ते आहे असे मानले, तरी चार पदार्थांत ते परमेश्वर खासच नव्हे. ते एक तर क्षुद्र देवतांच्या पंक्तीत बसेल, नाही तर आपले कर्म भोगणारा एखादा जीव ठरेल. दोहोंपैकी कोणालाही आपले कर्म छेदता येत नाही. यावर कोणी म्हणेल, ‘कर्माचे फळ देवताच भोगवितात ना? मग त्यांना प्रसन्न ठेवण्यात वाईट काय?’ समाधान असे की, कोतवालाची मनधरणी केल्याने शेतसारा माफ होत नाही. भोग आपल्याच कर्माचा आहे. भोगविणाऱ्यासमोर नारळ ठेवून तो टळत नाही. उलट भयाने घातलेला तो उतारा म्हणजे अन्यभक्तीच होय. अनन्यता वाणीने सांगावी आणि अमावास्येला लिंबू उतरवावे, हे दोन्ही एका ठिकाणी नांदू शकत नाही.

आचारप्रकरणातील एक गोष्ट येथे विचारणीय आहे. लोकसमजुतीने भुतांची वस्ती कोठे सांगितली जाते? गावाबाहेरच्या झाडाखाली, ओसाड देवळात, निर्जन वाटेवर. आणि स्वामींनी साधकाला राहण्याचे ठिकाण कोणते नेमून दिले? जेथे ओळखीचे कोणी नाही असा परमुलूख, निर्जन स्थान, झाडाचे तळ! ज्या जागेच्या नावाने मुले झोपवितात, तीच जागा स्मरणासाठी योग्य ठरविली गेली. भूतभयाचे याहून नेमके खंडन कोणते? तेथे राहणाऱ्याने मंत्र किंवा ताईत सोबत न्यावयाचा नव्हता. परमेश्वराचे स्मरण तेवढे न्यावयाचे होते.

असे असूनही आपल्या काही स्थानांवर ‘बाहेरची बाधा’ झालेली माणसे आणली जातात, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहतो. विडा स्कल्टन्स या संशोधिकेने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास करून १९८७ साली निबंध प्रसिद्ध केला. रुग्णासोबत आलेल्या घरच्या स्त्रियाच अंगात येण्याच्या अवस्थेत जातात, आणि रुग्णाची पीडा आपल्यावर यावी अशी त्यांची धारणा असते, असे तिला आढळले. हे वाचून हसू नये. त्या आईची करुणा खरी आहे. परंतु करुणा खरी असली म्हणून रोगाचे निदान खरे ठरत नाही. स्थान हे परमेश्वराच्या संबंधामुळे वंद्य आहे. तेथे नमस्कार करावा, स्मरण करावे. ते रोगचिकित्सेचे दुकान नव्हे. मनाच्या आजारालाही औषध आहे, आणि शरीराप्रमाणेच मनही प्रपंचातील असल्याने त्याचा उपचार प्रपंचातील वैद्याकडूनच करवावा, यात श्रद्धेला उणेपण येत नाही.

भूत काढण्याच्या नावाने माणसाला साखळदंडाने बांधणे, छडीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावला असता वैद्यकीय उपचारास अडवून मंत्रतंत्र करणे, हाही त्याखाली गुन्हा आहे. या कायद्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात हत्या झाली. परमेश्वराविषयी त्यांचे आणि आपले मत एक नव्हते. परंतु अहिंसा हा ज्यांच्या आचाराचा पाया, त्यांना बांधलेल्या रुग्णाची बाजू घेण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये.

आता देवाची शंका. चार्वाक प्रत्यक्षावाचून काही मानीत नाही. नैयायिक म्हणतो, घटावरून कुंभार कळतो, तसा जगावरून कर्ता कळावा. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त हा पक्ष समर्थपणे मांडला आहे. कुमारिलभट्टासारखा वेदनिष्ठ मीमांसक मात्र जगत्कर्ता ईश्वर मानीत नाही. आपला सिद्धांत या तिघांहून वेगळा आहे, आणि तो नीट न समजल्याने आपलेच प्रवचनकार कधी कधी नैयायिकाचे अनुमान आपले म्हणून सांगतात. आपल्या मते सृष्टीची रचना परमेश्वराच्या प्रवृत्तीने माया करते. तेव्हा जगाच्या रचनेवरून केलेले अनुमान फार तर मायेपर्यंत पोहोचेल, परमेश्वरापर्यंत नाही. परमेश्वराचे ज्ञान परमेश्वरच देतो. तो अवतार स्वीकारून सन्निधान देतो, आणि असन्निधानी त्याचे वचन साधकाला आधार होते. म्हणून ‘यंत्राने देव दाखवा’ म्हणणाऱ्याला आपण प्रांजळपणे सांगावे की, यंत्र प्रपंचाचे आहे, ते प्रपंचच दाखवील. त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही.

शेवटी सृष्टिप्रयोजन. आजचे विज्ञान विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे सांगते. स्टीव्हन वाइनबर्ग या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ सालच्या आपल्या ग्रंथात, विश्व जसजसे कळत जाते तसतसे त्यात हेतू आढळत नाही, अशा आशयाचे मत दिले. भाविकांना हे वाक्य झोंबते. पण त्यात झोंबण्यासारखे काय आहे? जड प्रपंचात हेतू शोधला तर तो सापडणार नाहीच. नांगराच्या लाकडात पेरणीचा हेतू सापडतो काय? हेतू शेतकऱ्याच्या ठायी असतो. जीवाला आपला आनंद द्यावा, या कृपेने परमेश्वराची प्रवृत्ती झाली, आणि त्यासाठी सृष्टी; असा आपला सिद्धांत आहे. ‘दृष्टांतपाठा’तील जात्यंध आणि हत्ती सर्वांना ठाऊक आहेत. हाताला जे लागले ते जात्यंधाने खोटे सांगितले नाही. ‘एवढाच हत्ती’ म्हणाला, तेथे तो चुकला. शास्त्रज्ञाच्या हाताला जे लागले ते आदराने ऐकावे. ‘एवढेच आहे’ या निष्कर्षाशी मात्र आपला मतभेद आहे.

आणि प्रयोजन मानणाऱ्यावर एक जबाबदारी येते. सृष्टी जीवोद्धारासाठी आहे असे म्हणावयाचे आणि मिळालेला मनुष्यदेह भुताच्या धाकात व नवसांच्या हिशोबात घालवावयाचा, तर ते प्रयोजन आपणच विफल केले. न मानणाऱ्याने ते नाकारले. आपण ते मानून वाया घालविले. दोहोंत अधिक हानी कोणाची, याचा विचार प्रत्येक वासनिकाने व अनुसरलेल्याने आपापल्या ठायी करावा.

दंडवत प्रणाम.