चष्मा लागलेले मूल, मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स



या पानावर बहुतेक वेळा मोठ्या माणसांच्या प्रकृतीविषयी लिहिले जाते. या खेपेला विषय घरातल्या पोराबाळांचा आहे.

आपल्या भागात शाळेच्या मैदानावर मल्लखांब असतो. तालुक्याच्या गावी जिम्नॅस्टिक्सचा हॉल असतो. आठ-दहा वर्षांचे मूल तिथे जायला लागते, अंग हलके होते, सरांची शाबासकी मिळू लागते. अशात शाळेत डोळे तपासले जातात आणि नंबर निघतो. मग घरात दोनपैकी एक गोष्ट होते. आजी म्हणते, "चष्मा लागला ना? आता उड्या बंद!" नाहीतर पोरगंच शहाणपण करतं. चष्मा दप्तरात दडवून तसंच खांबावर चढतं. मुलीच्या बाबतीत तर "आधीच चष्मा, त्यात पडून हातपाय मोडला म्हणजे पुढं कसं व्हायचं," हेही ऐकू येते.

पहिल्या प्रकारात मुलाचा खेळ जातो. दुसऱ्या प्रकारात मूल अर्धवट दिसत असताना उंचीवरून उडी घेते. आमचे म्हणणे असे की, दोन्हीची गरज नाही. चष्मा कोणता घ्यायचा, कधी घालायचा आणि कधी काढायचा, हे आधी ठरवले तर बहुतेक मुलांचा सराव बिनधोक चालू राहतो. ते कसे ठरवायचे, हाच आजचा धडा.

१. आधी नंबर समजून घ्या

माती परीक्षणाचा कागद न वाचता आपण खताचा डोस ठरवत नाही. तसाच डोळ्याच्या डॉक्टरांनी दिलेला कागद वाचायला शिकावे. त्यावर नंबराच्या मागे उणे चिन्ह असेल, तर मुलाला जवळचे स्पष्ट आणि लांबचे पुसट दिसते. शाळकरी वयात वाढत जाणारा नंबर बहुधा हाच असतो.

उणे नंबराचा एक सोपा हिशेब आहे. शंभराला नंबराने भागायचे. जे उत्तर येईल तितक्या सेंटिमीटरपर्यंत मुलाला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसते.

उणे १ : १०० सें.मी., म्हणजे सव्वातीन फुटांच्या आसपास.
उणे २ : ५० सें.मी., म्हणजे दीड फुटाहून थोडे जास्त.
उणे ४ : २५ सें.मी., म्हणजे एक वीत आणि वर थोडे.

त्यापलीकडचे दिसतच नाही असे नव्हे. दिसते, पण कडा पुसट होतात, आणि जितके लांब तितके जास्त पुसट. कागदावर तिरका नंबरही असेल तर हा हिशेब थोडा बदलतो. तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

आता हा हिशेब खेळाला लावून पाहा. मल्लखांबावर पोराचे अंग खांबाला चिकटलेले असते. खांब हाताच्या अंतरात असतो, त्यामुळे उणे दोनच्या मुलाला तो पुरेसा दिसतो. पण खांबाची उंची असते साडेआठ फुटांच्या आसपास. वरून उडी टाकताना जमीन मात्र त्याच्या स्पष्ट नजरेच्या पलीकडे असते. जिम्नॅस्टिक्समधला मुलींचा बीम १० सें.मी. रुंद, ५ मीटर लांब आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. त्यावर उभ्या मुलीच्या डोळ्यापासून तिच्या पायाखालची पट्टीच मीटरभर तरी लांब असते. आणि व्हॉल्टच्या उडीला तर २५ मीटरपर्यंत धाव घेतात. तिथे उडीची फळी लांबूनच नीट दिसली पाहिजे.

म्हणजे प्रश्न "चष्मा घालू द्यावा की नाही" एवढाच नाही. कोणत्या प्रकाराला किती लांबचे दिसायला हवे, हा खरा प्रश्न आहे.

२. मोठ्या खेळाडूंनी काय केले?

अमेरिकेची मॉर्गन हर्ड ही मुलगी चष्मा लावूनच स्पर्धेत उतरायची. २०१७ साली कॅनडातील मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत ती सर्वांगीण विजेती ठरली. व्हॉल्ट, बार, बीम आणि फ्लोअर हे चारही प्रकार तिने चष्म्यानिशी केले.

त्याच देशाचा स्टीफन नेदोरोसिक २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये गाजला. त्याच्या डोळ्यांत जन्माचे दोष आहेत. आपली पाळी येईपर्यंत तो चष्मा लावून बसे. पॉमेल हॉर्सवर जाताना चष्मा काढून ठेवी आणि हाताच्या स्पर्शावर सारे काम करी. त्याने त्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि संघाबरोबर आणखी एक.

दोघांच्या वाटा दोन, आणि दोन्ही बरोबर. बीम पाहून करायचा असतो, पॉमेल हॉर्स हाताला कळतो.

आपल्या घरचे उदाहरणही आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, तो मल्लखांब दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी अंध मुलामुलींनाही शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांना पकड शिकवता येते, तर चष्म्याच्या पोराला घरी बसवायचे कारण काय? मात्र त्या मुलांना शिकवताना प्रत्येक पायरी हाताने चाचपून घेतली जाते. "दिसत नाही तरी चालतंय" म्हणून सोडून देण्याची ती गोष्ट नव्हे.

३. कुठे घालावा, कुठे काढावा

मल्लखांब आणि दोरीचा मल्लखांब : अढी, बगली, दसरंग, सुईदोरा यांत खांब छाती-गालाशी घासतो. मध्ये चष्म्याची काडी आली तर गालाला रुतते, चष्मा मोडतो. दोरीची पकड पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात असते, तीही स्पर्शानेच कळते. म्हणून इथे बहुधा चष्मा काढलेला बरा. पण शेवटची उडी चष्म्याशिवाय करायची, तर ती वेगळी शिकली पाहिजे. आधी बुटक्या उंचीवरून, खाली जाड गादी, शेजारी सर उभे. मग हळूहळू वर.

जमिनीवरचे प्रकार, बीम, व्हॉल्ट : इथे दिसणे महत्त्वाचे. पट्ट्याने घट्ट बांधलेला खेळाचा चष्मा लावावा.

बार आणि रिंग : झोका मोठा असतो, आणि सैल चष्मा उडून दुसऱ्याला लागू शकतो. पट्टा पक्का बसत असेल तर चष्मा ठेवावा, नसेल तर काढावा. निर्णय सरांचा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बरीच मुले हॉलमध्ये शिरताना चष्मा काढतात आणि दोन तासांनी घरी निघताना लावतात. मधल्या वेळात सर प्रात्यक्षिक दाखवतात, ते या मुलांना धड दिसत नाही. मग चूक होते, ओरडा बसतो, आणि "ह्याचं लक्षच नसतं" असा शिक्का बसतो. पोरगं मंद नसतं, त्याला दिसलेलं नसतं. म्हणून नियम असा ठेवा : पाहताना चष्मा, करताना ठरल्याप्रमाणे, उतरल्यावर पुन्हा चष्मा. पाळीची वाट पाहणाऱ्या मुलानेही चष्मा लावूनच उभे राहावे. नाहीतर दुसऱ्याच्या झोक्याखाली कधी गेलो ते कळत नाही.

४. चष्मा कोणता घ्यावा

शाळेचा रोजचा चष्मा खेळाला चालवू नये. खऱ्या काचेची भिंगे तर खेळात मुळीच नकोत. फुटली की तुकडा डोळ्यात जातो. दुकानात "पॉलिकार्बोनेट भिंगे द्या" असे स्पष्ट सांगावे. ती धक्क्याला टिकतात. मात्र त्यांवर ओरखडे लवकर पडतात, म्हणून जपावे लागते. फ्रेम प्लॅस्टिकची, गोल कडांची आणि नाकाला मऊ टेकणारी असावी.

मागे रुंद इलॅस्टिकचा पट्टा हवा. घरी शिवायचा तर काडीत घट्ट बसतील अशी घरे शिवून अर्धा इंची इलॅस्टिक लावावे. पट्ट्याची गाठ किंवा बकल डोक्याच्या मागे येऊ देऊ नये. कोलांटी मारताना ती तिथेच टोचते, म्हणून बाजूला घ्यावी. गळ्यात दोरी अडकवून चष्मा लटकवणे तर धोक्याचे. ती खांबात किंवा बारमध्ये अडकून गळ्याला फास बसू शकतो.

पट्टा बसला की नाही याची परीक्षा घरीच घ्या. मुलाला दहा उड्या मारायला लावा, दहा वेळा मान हलवायला लावा, मग सतरंजीवर दोन कोलांट्या. चष्मा जागचा हलला तर पट्टा ढिला. सोडल्यावर कानशिलावर खोल वण राहिला तर जास्त आवळला.

एक डोळा जन्मापासून अधू असेल, तर चांगला डोळा हीच मुलाची सारी पुंजी. अशा मुलाने नंबर कमी असला तरी संरक्षक चष्म्याशिवाय सराव करू नये. जे प्रकार चष्मा काढूनच करावे लागतात, त्यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.

५. डोळ्यात बसवायची लेन्स

"लेन्स बसवली की कटकट मिटली," असे शहरातले पाहुणे सांगतात. लेन्सने खेळ सोपा होतो हे खरे. डॉक्टर जबाबदार मुलांना ती देतातही. पण मल्लखांबाच्या खांबाला एरंडेल लावलेले असते, हाताला राळ असते. जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये खडूची पांढरी भुकटी उडते. त्या हाताने लेन्सला बोट लागले की डोळा लाल झालाच म्हणून समजा.

घ्यायचीच तर रोज नवी घालून संध्याकाळी टाकून द्यायची मऊ लेन्स घ्यावी. घालण्या-काढण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. लेन्सला नळाचे, विहिरीचे कोणतेच पाणी लागू देऊ नये. त्यातले जंतू बुबुळ कायमचे खराब करू शकतात. लेन्स घालून झोपणे, अंघोळ करणे, विहिरीत पोहणे बंद. डोळा दुखला किंवा लाल झाला तर लेन्स लगेच काढून डॉक्टरांकडे जावे. खर्च दरमहा चालू राहतो, हेही हिशेबात धरा. हे सगळे पाळणे जमणार नसेल तर पट्ट्याचा चष्मा शंभर पटीने बरा.

६. तेल लागलेला चष्मा कसा पुसावा

शर्टाच्या टोकाने किंवा पदराने कोरडाच पुसू नये. धुळीचे कण भिंगावर ओरखडतात. आधी पाण्याची धार सोडावी. मग भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना फिरवावा, धुवावे आणि स्वच्छ मऊ सुती कापडाने टिपावे. राख किंवा दंतमंजन लावू नये. गरम पाणीही नको. आठवड्यातून एकदा काड्यांचे स्क्रू तपासावेत. सरावाला जाताना घट्ट झाकणाची डबी द्यावी. चष्मा गादीवर किंवा खिडकीत ठेवण्याची सवय लागू देऊ नये.

७. सरांशी बोलावे

नंबराचा कागद सरांना दाखवावा. ते पुढील गोष्टी सहज करू शकतात : व्हॉल्टच्या फळीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावणे, उडीच्या वेळी दररोज एकाच जागी उभे राहणे, आणि "सोड", "उडी" असे ठराविक शब्दच वापरणे. पुसट दिसणारे मूल आवाजावर विसंबते; शब्द रोज बदलले तर ते गोंधळते.

नंबर बदलून नवा चष्मा आला की पहिला आठवडा उंचीचे काम नको. नव्या भिंगातून जमीन थोडी वेगळी, कधी तिरकी, कधी लांब वाटते. डोळ्यांना सवय होईपर्यंत जमिनीवरचेच प्रकार करावेत.

८. धोक्याची खूण

नंबर उणे सहा किंवा त्याहून जास्त असेल, तर उड्या आणि उलटे लटकण्याचे प्रकार सुरू करण्याआधी बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. पुढेही वर्षातून एकदा तपासावा. आणि नंबर कितीही असो, मुलाने अचानक "डोळ्यापुढं वीज चमकते", "काळे ठिपके लई आले" किंवा "एका बाजूनं पडदा आल्यागत होतंय" असे सांगितले, तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्यावे. डोळ्याला मार लागला तरी तेच. मध, दूध, कांद्याचा रस असले काही डोळ्यात घालू नये. ऊसतोड चालू आहे, सवड झाल्यावर बघू, असे इथे म्हणून चालत नाही. पडदा सुटला तर वेळ फार थोडा असतो.

खर्चाचे काय?

सरकारी व अनुदानित शाळांत आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली (सुरुवात २०१३) मुलांची तपासणी होते. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून (सुरुवात १९७६) शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. मुख्याध्यापकांकडे किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करावी. हा चष्मा शाळेसाठी वापरावा आणि जमल्यास खेळाचा दुसरा घ्यावा.

चष्मा घातल्याने नंबर वाढतो हा समज चुकीचा आहे. वाढत्या वयात नंबर वाढतो, कारण डोळा लांबीने वाढतो. चष्मा दडवल्याने ती वाढ थांबत नाही. उलट दिवसाउजेडी उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत हा नंबर लागण्याचे प्रमाण कमी आढळते. तेव्हा डोळ्यांच्या काळजीने मैदान बंद करणे म्हणजे उलटाच उपाय.

हे कापून भिंतीला लावावे

१. शंभराला नंबराने भागा. चष्म्याशिवाय किती सेंटिमीटर दिसते ते कळेल.
२. पाहताना चष्मा, करताना ठरल्याप्रमाणे, उतरल्यावर पुन्हा चष्मा.
३. पॉलिकार्बोनेट भिंग, रुंद पट्टा, बाजूला गाठ. गळ्यात दोरी नको.
४. नवा नंबर, पहिला आठवडा जमिनीवर.
५. वीज, ठिपके, पडदा दिसला की त्याच दिवशी डॉक्टर.

सभासदांना काही शंका असल्यास चिठ्ठी लिहून गटातल्या चिटबॉयकडे द्यावी. मुलाचा नंबर आणि तो कोणता प्रकार करतो, एवढे जरूर लिहावे. आणि मुलगी असेल तर तिच्याबद्दल आधी लिहावे; कारण चष्म्याचे निमित्त करून पहिल्यांदा घरी बसवली जाते ती तीच.