कळी धरलेली कुंडी हलवू नका

ब्रह्मकमळाला कळी दिसली की घरातल्या कुणाला तरी ती कुंडी उचलून दर्शनी जागी आणावीशी वाटते. कृपा करून आणू नका. डिचोलीला आमच्या घरी चवथीच्या तोंडावर टपोऱ्या कळ्या धरलेली कुंडी पाहुण्यांना दिसावी म्हणून विहिरीजवळून उचलून बाल्कावात आणली गेली. बघता बघता कळ्या पिवळसर पडल्या, मग लिबलिबीत झाल्या, आणि माटोळी बांधायच्या सकाळी खाली नुसता सडा. कीड नव्हती, पाणी चुकलं नव्हतं. जागा तेवढी बदलली होती. सासूबाई त्या दिवशी नीट जेवल्यासुद्धा नाहीत.

कळी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत तीन-चार आठवडे जातात. या काळात झाड एका ठरावीक उजेडाला, हवेला आणि ओलाव्याला सरावलेलं असतं. विहिरीजवळ सकाळचं ऊन होतं, वारा होता. बाल्कावात अर्धा काळोख. आपल्या लेखी ही दहा पावलं, पण झाडावर त्याचा ताण येतो, आणि ताण आला की ते सर्वांत आधी कळ्या टाकून देतं. फूल बघायचं असेल तर माणसांनी कुंडीपाशी जावं. फार तर त्या एका रात्री, पाकळ्या सुटायला लागल्यावर कुंडी आत आणली तर चालतं. उमलू लागलेलं फूल मग थांबत नाही.

हे झालं कळी आल्यानंतरचं. बहुतेक घरांची तक्रार मात्र कळीच येत नाही ही असते. माझं माहेर पेडणे तालुक्यात, कोरगावला. तिथे चिऱ्याच्या गडग्यालगत, माडांच्या विरळ सावलीत एका जुन्या घमेल्यात ब्रह्मकमळ आहे. त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही आणि पावसाळ्यात ते फुलतं. त्याचीच फांदी डिचोलीला आणून लावली, तर वर्षं गेली तरी नुसती हिरवीगार. मोठी कुंडी, भरपूर शेणखत, रोज पाणी, ऊन लागू नये म्हणून पडवीत जागा. एकदा आई आली, कुंडीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगो, ही काय बाळंतीण आहे? खाऊपिऊ घालून आत निजवून ठेवलीय. बाहेर काढ तिला, आणि थोडी उपाशी ठेव."

आई वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही, पण तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, निवडुंगाच्या कुळातलं झाड. दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत ते मोठ्या झाडांच्या बेचक्यांत, साठलेल्या पालापाचोळ्यात मुळं रोवून वाढतं. म्हणजे त्याला माती थोडी, हवा खूप, आणि पानांतून गाळून आलेलं ऊन. पाऊस धो धो पडला तरी मुळाशी पाणी थांबत नाही. वर्षातले काही महिने कोरडे जातात. हे सगळं आपल्या गोव्यात आयतं मिळतं. काजू आणि अननसही असेच दक्षिण अमेरिकेतून आले आणि इथलेच होऊन गेले. आपण मात्र ब्रह्मकमळाला तुळशीसारखं सांभाळायला जातो.

सगळ्यात जास्त चुकतं ते हिवाळ्यातलं पाणी. दिवाळी झाली की पाणी कमी करायला लागा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कुंडीतली माती बोटभर खोल कोरडी झाल्यावर, दहा-बारा दिवसांनी एकदा, तेही बेताचं. हे वाळवंटातलं निवडुंग नव्हे, त्यामुळे पाणी साफ तोडू नका. फांद्या किंचित मऊ वाटल्या तरी घाबरू नका, सुरकुतायला लागल्या तर मात्र द्या. या दिवसांत खत बंद. डिचोलीकडे, आत, पहाटेचा गारवा किनाऱ्यापेक्षा जरा जास्त असतो, त्याचा फायदा झाडाला होऊ द्या आणि कुंडी उघड्यावरच ठेवा. ही विश्रांती मिळालेलं झाड शिमग्यानंतर पाणी वाढवलं की जागं होतं आणि पावसाच्या आगेमागे कळ्या धरतं. बारा महिने रोज पाणी पिणारं झाड नुसत्या फांद्या काढत राहतं.

ऊन सकाळचं तीन-चार तास हवं, दुपारचं नको. फांद्या काळपट हिरव्या, लांब, काठीसारख्या गोल निघत असतील तर उजेड कमी पडतोय. पिवळ्या किंवा लालसर झाल्या तर ऊन जास्त होतंय. पूर्वेची बाजू उत्तम. डिचोली तालुक्यात खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून घर असेल तर फांद्यांवर तांबडी धूळ बसते आणि उजेड अडतो; ओल्या फडक्याने अधूनमधून पुसून घ्या. कुंडी लहानच बरी. मुळं जरा अडकलेली असली तर फूल लवकर येतं, म्हणून कुंडी बदलायची घाई नको. ताजं शेण, युरिया यांनी फक्त पाला वाढतो. मार्चपासून पंधरा दिवसांनी एकदा लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम शून्य-बावन्न-चौतीस हे खत पुरे. मी हेच वापरते.

कुंडीतल्या मिश्रणाबद्दल किनाऱ्यावरच्या लोकांना कळकळीने सांगते: समुद्राची वाळू घालू नका. मोरजी, मांद्रे, हरमलकडे ती दारातच असते, म्हणून सहज आणली जाते. तिच्यातलं मीठ मुळं जाळतं. शिवाय मोरजी-मांद्र्याच्या त्याच वाळूत कासवं अंडी घालायला येतात. तिला हात न लावलेलाच बरा. निचऱ्यासाठी चिऱ्याची बारीक खडी घ्या, नदीची वाळू घ्या, कोळशाचे तुकडे घ्या. नारळाच्या सोडणाचे तुकडे तर या झाडाला फार मानवतात, पण त्यांच्यातही क्षार असतात, तेव्हा ते दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यायचे. मुठी मुठीने कुजलेलं खत मिसळलं की झालं. बाहेरून आणलेलं रोप पुष्कळदा चिकट तांबड्या मातीत किंवा निव्वळ कोकोपीटमध्ये असतं. ते तसंच पावसात ठेवलं तर सडतं.

आणि आपला पाऊस म्हणजे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जूनमध्ये कुंडी वळचणीच्या धारेखाली राहिली की बुडाशी काळा, मऊ डाग दिसायला लागतो. तो वर चढतो. डाग दिसल्या दिवशी धारदार सुरीने निरोगी हिरव्या भागापर्यंत कापा, कापलेली फांदी आठवडाभर सावलीत सुकवा आणि नव्याने लावा. बाकीचं झाड वाचवत बसू नका. याच्या उलट, जुलैच्या झडीनंतर ऑगस्टमध्ये पाऊस उघडतो तेव्हा छपराखालच्या कुंड्या कडकडीत वाळतात, नेमकी कळी भरत असताना. त्या उघडिपीत मातीला हात लावून बघायची सवय ठेवा.

आपण ज्यांना पानं म्हणतो ती खरी चपटी खोडं, आणि कळी त्यांच्या काठावरच्या खाचेतून येते. तीही मागच्या वर्षीच्या पक्क्या झालेल्या फांदीवर. म्हणून कुंडी नीटनेटकी दिसावी म्हणून जुन्या, जाड फांद्या छाटू नका. फूल त्यांच्यातच आहे. खाचेत काही टोचल्यासारखं दिसलं की जवळून बघा. चपटं आणि लव असलेलं असेल तर ती नवी फांदी. गोल, टाचणीच्या माथ्याएवढं, तांबूस असेल तर कळी. पुढे ती लोंबते, नळी लांबते, आणि उमलायच्या आधी तोंड वर वळवते. रोज संध्याकाळी फांद्यांची खालची बाजू बघा. पावसात गोगलगायी कोवळी कळी एका रात्रीत कुरतडतात. वेचून काढणं हाच उपाय.

उमलायच्या दिवशी कळी फुगते, टोक सैल होतं. रात्री आठ-नऊला वास सुटतो, मध्यरात्रीच्या सुमाराला वीतभर पांढरं फूल पुरतं उघडतं आणि सकाळ व्हायच्या आत मान टाकतं. देवाला वाहायचं तर पूर्ण उमलल्यावर तेवढं फूलच खुडा, फांदी कापू नका.

बियांची पाकिटं कुणी ब्रह्मकमळ म्हणून विकत असेल तर घेऊ नका. बद्री-केदारला वाहतात ते ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, हिमालयात 3000 मीटरच्या वर होणारं. ते गोव्यात यायचं नाही. आपलं झाड फांदीपासून होतं, आणि फांदी कुणीही देतं. फुललेल्या झाडाचीच मागा, 15 ते 20 सेंटिमीटरची. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, आठवडाभर सुकवून बुडाची बाजू खाली ठेवून दोन बोटं खोल लावा. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. तुमच्या दारात फुललं असेल तर यंदा शेजारच्या दोन घरांना फांदी द्या, आणि देताना हिवाळ्यातल्या पाण्याचं तेवढं सांगायला विसरू नका.