‘लागणें’ ह्या क्रियापदाचें इंग्रजी काय ?

इंग्रजी शिकूं लागलेल्या बहुतेक मुलांजवळ एक लहानशी वही असते. तिच्या पानांवर मधोमध एक रेघ ओढून डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे त्याचा मराठी अर्थ मांडलेला असतो. ‘टेक’ म्हणजे घेणें, ‘गिव्ह’ म्हणजे देणें, ‘सी’ म्हणजे पाहणें. रोज दहा शब्द पाठ करावे, घरीं आईबापांनीं ते म्हणवून घ्यावे, असा क्रम वर्षभर चालतो. आणि तरीहि निबंधाची उत्तरपत्रिका तांबड्या शाईनें भरून परत येते. मुलानें श्रम केले नाहींत असें नव्हे. आमचा आक्षेप त्या मधल्या रेघेवर आहे. एका इंग्रजी शब्दास नेमका एकच मराठी शब्द असतो, असें ती रेघ मुलांस न बोलतां शिकविते.

ही समजूत किती फोल आहे हें पाहण्यास प्रथम इंग्रजीकडे जावयास नको. आपल्या घरचें ‘लागणें’ हें क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, आंबा गोड लागतो, शाळेस जावें लागतें. मराठी मुलास ह्यांत कोठेंच अडत नाहीं. आतां हींच वाक्यें इंग्रजींत नेऊं. मला भूक लागली, तर ‘आय अ‍ॅम हंग्री’. येथें लागणें अजिबात नाहींसें झालें व माणूसच भुकेला ठरला. घरास आग लागली, तर ‘द हाऊस कॉट फायर’. म्हणजे घरानेंच आग धरली! एक तास लागला, ‘इट टुक अ‍ॅन अवर’. आंबा गोड लागतो, ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’. मला जावें लागतें, ‘आय हॅव टु गो’. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. ज्यांस तो पाहावयास मिळेल त्यांनीं त्यांतील ‘लागणें’ अवश्य काढून पाहावें. एका परक्या गृहस्थानें ह्या एका शब्दामागें किती पायपीट केली आहे तें दिसेल.

इंग्रजी शब्दांची गोष्टहि अशीच आहे. २०११ च्या सुमारास ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या संपादकांनीं ‘रन’ ह्या एका क्रियापदाचे अर्थ मोजले, ते ६४५ भरले. वहींत मात्र त्यापुढें ‘धावणें’ एवढेंच असतें. ते सारे अर्थ कोणीं पाठ करावे असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्रज मुलांसहि ते पाठ नसतात.

नित्य घडणाऱ्या चुका पाहूं. आपण परीक्षा ‘देतों’, म्हणून मुलगा लिहितो, ‘आय गेव्ह द एक्झामिनेशन’. हें वाक्य नोकरीच्या अर्जांत गेलें, तर वाचणाऱ्या इंग्रजास वाटेल कीं हे परीक्षक होते ! विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करितो, किंवा तिला ‘सिट’ म्हणजे बसतो. आपणहि परीक्षेस बसतोंच कीं. उसनें घेणें व उसनें देणें ह्यांत आपला ‘उसनें’ शब्द एकच. इंग्रजींत घेणाराचें ‘बोरो’ व देणाराचें ‘लेंड’. ‘बोरो मी युअर पेन’ हें वाक्य वर्गांत इतक्या वेळां कानीं पडतें कीं आतां आम्हांस त्याचें हसूं येत नाहीं. ‘ही सेड मी’ हेंहि तसेंच. ‘टेल’ ला जोडून माणूस येतो, ‘से’ ला येत नाहीं. म्हणून ‘ही टोल्ड मी’.

कांहीं ठिकाणीं शब्द बरोबर असून रीत चुकते. निरोप घेतांना ‘जातों’ म्हणूं नये, ‘येतों’ म्हणावें, ही आपली चाल. तिचें शब्दशः ‘आय अ‍ॅम कमिंग’ केलें, तर इंग्रज यजमान दार उघडें ठेवून वाट पाहत बसेल. आपला ‘परवां’ मागचाहि असतो व पुढचाहि; इंग्रजींत ते दोन वेगळे दिवस वेगळ्या शब्दांनीं सांगावे लागतात. उलट काका आणि मामा हे तेथें एकाच ‘अंकल’ मध्यें मावतात, आणि ‘कझिन’ पुढें ‘ब्रदर’ जोडण्याचें कारण नाहीं. (जातां जातां सांगतों : इंग्रजींतील ‘मंगूस’ हा आपल्या मुंगुसापासून गेलेला शब्द आहे. त्याचा ‘गूस’ ह्या पक्ष्याशीं संबंध नाहीं. म्हणून त्याचें अनेकवचन ‘मंगूसेस’, ‘मंगीस’ नव्हे.)

ज्या पालकांस इंग्रजी येत नाहीं त्यांनाहि येथें मोठें साहाय्य करितां येईल. मुलाकडून अर्थ म्हणवून घेण्याऐवजीं त्यांनीं विचारावें, “हा शब्द तुला कोणत्या वाक्यांत भेटला ? तें वाक्य मराठींत सांग.” वाक्य सांगतां आलें नाहीं तर तो शब्द त्या दिवशीं वहींत लिहूं देऊं नये. दहा शब्दांऐवजीं तीनच वाक्यें झालीं तरी चालेल. वहींतली मधली रेघ मात्र काढून टाकावी व वाक्य पानभर रुंद लिहावें.

सुटींत करून पाहण्यास पुढील वाक्यें देत आहों : निकाल लागला. त्याला वाचनाचा नाद लागला. दारास कुलूप लागलें आहे. तिला बस लागते. तो तुझा कोण लागतो ? ह्यांपैकीं शेवटचें ‘रिलेटेड’ ह्या शब्दाच्या आधारानें सुटेल, एवढी खूण सांगून ठेवतों.