धूप म्हणजे काय?

‘झीज’ आणि ‘धूप’ हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों. पण त्यांत भेद आहे. दिवसा उन्हानें तापून व रात्रीं थंडीनें आकसून काळा फत्तर तडकतो, भेगांत पाणी शिरून तो कुजतो, कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें सुटत जातो, आणि त्याचा मुरूम व पुढें माती होते. ही झीज जागच्या जागीं होते, व तिनेंच आपणांस शेत दिलें आहे. झालेली माती पाणी किंवा वारा उचलून नेतो, ती धूप. पहिलीला इंचभर मातीसाठीं शेंकडों वर्षें लागतात. दुसरीला उघड्या उतारावर कांहीं पावसाळे पुरतात.

धुपीचा आरंभ ओढ्याकांठीं होतो अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. आरंभ थेंबापासून होतो. वळवाचा मोठा थेंब सेकंदास सुमारें ३० फूट वेगानें आपटतो, ढेंकूळ फोडतो, आणि सुटलेल्या बारीक मातीनें जमिनीचीं छिद्रें बुजतात. मग पाणी मुरत नाहीं, चालूं लागतें. प्रथम तें शेतभर पातळ पसरून वरची साय घेऊन जातें. हें डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच फार घातक. पुढें ओघळी पडतात, ओघळींच्या घळी होतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याला लोटतां येणाऱ्या दगडाचें वजन गणितानें ६४ पट होतें! उताराच्या दिशेनें उभी नांगरट करणारानें हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

प्रस्तुत लेखकाचा जन्म दप्तरांत गेला, म्हणून थोडा हिशेब. एकराचे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून एक इंच थर गेला म्हणजे ३,६३० घनफूट माती गेली. सातबाऱ्यांत मात्र क्षेत्र तेंच, आकार तोच! मुंबई इलाख्यांत १८४७ च्या जॉइंट रिपोर्टानें प्रतबंदीची जी रीत घालून दिली, तींत उत्तम काळी जमीन पावणेदोन हात खोल असेल तरच सोळा आणे. खोली कमी, तसे आणे कमी. धुपणारें शेत याच पायऱ्या उतरत असतें. पण प्रतबंदीचा कारकून खड्डा खणून पाहावयास पुन्हां येत नाहीं. तो मालकानेंच खणावा, शेताच्या वरच्या व खालच्या अंगास एकेक.

सोलापूर येथें १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग झाले, व १९४२ त मुंबई सरकारनें जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. समपातळींतील बांध व आडवी पेरणी हे उपाय तेव्हांपासून सर्वांस ठाऊक आहेत. चुकतें तें सांडव्यापाशीं. सांडव्यावांचून घातलेला बांध मोठ्या पावसांत फुटतो आणि एका रात्रींत घळ पाडतो. सांडवा दगडी करावा, व त्याचें तोंड कोठें काढावयाचें तें शेजाऱ्याशीं बोलून आधींच ठरवावें; त्या तोंडावरून झालेले तंटे दप्तरांत कमी नाहींत.