मॉडेल रेल्वेवरचा लेख मासिकात छापून आणायला खर्च किती?

लेख छापून येण्यासाठी लेखकाला मासिकाला काहीही द्यावं लागत नाही. अमेरिकेतलं ‘मॉडेल रेलरोडर’ १९३४ पासून निघतंय, इंग्लंडचं ‘रेल्वे मॉडेलर’ १९४९ पासून. अशी मासिकं बऱ्याच अंशी हौशी मंडळींच्या लेखांवरच चालतात आणि मुख्य लेखांना मानधन देतात. ‘इतके भरा, छापून देतो’ असं कुणी म्हणालं तर ती जाहिरात समजा आणि सोडून द्या.

आपल्याकडचा विषय असेल तर ‘रेल्वे मॉडेलर’च्याच प्रकाशकांचं ‘कॉन्टिनेन्टल मॉडेलर’ आधी पाहा. ब्रिटनबाहेरच्या रेल्वेंसाठीच ते निघतं, त्यामुळे बोरघाट किंवा नेरळ-माथेरानचा लेआउट तिथे शोभतो.

खरा खर्च फोटोंचा, आणि तिथे हात आखडता घेऊ नका. लेख साधा असला तर संपादक तो नीट करून घेतो. अंधुक फोटोचं तो काहीच करू शकत नाही. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. पावणेअकरा इंच उंच आणि सव्वाआठ इंच रुंद पान भरायला सुमारे ८० लाख पिक्सेल हवेत, समोरासमोरच्या दोन पानांना त्याच्या दुप्पट. आकड्यांत आजचे बरेच मोबाइल हे सहज देतात. पण खोलीतल्या कमी उजेडात त्यांचे फोटो दाणेदार येतात, म्हणून मोबाइलही स्टँडवर लावा आणि उजेड वाढवा. मोठ्या कॅमेऱ्याची अडचण वेगळी: पुढचं इंजिन स्पष्ट, मागचे डबे धूसर. त्यावर उपाय म्हणजे एफ/१६ किंवा त्याहून लहान छिद्र आणि लांब एक्सपोजर. नाहीतर फोकस सरकवत काढलेले अनेक फोटो संगणकावर एकत्र करणं.

बरा ट्रायपॉड साधारण दोन-तीन हजारांत येतो. कॅमेरा विकत घेऊ नका. मोठ्या शहरांत तो दिवसाच्या भाड्याने मिळतो. एकाच रंगाचे दोन-तीन चांगले एलईडी दिवे लावा आणि खिडकी झाका, कारण ऊन आणि दिवा एकत्र आले की अर्धा डोंगर निळा आणि अर्धा पिवळा दिसतो. आधी लेआउटवरची धूळ मऊ ब्रशने काढा. डोळ्यांना न दिसणारा केस फोटोत ओंडक्याएवढा होतो. हे सगळं धरून पाच-सात हजारांत काम भागावं.

ट्रॅक प्लॅनला पैसे घालू नका. ‘एक्सट्रॅककॅड’ हा संगणकावरचा प्रोग्राम फुकट आहे आणि चौकटीच्या कागदावर मापं टाकून काढलेला आराखडाही चालतो, कारण मोठी मासिकं तो आपल्या चित्रकाराकडून पुन्हा काढून घेतात.

मजकुरात एक गोष्ट लपवू नका. एचओ ही स्केल म्हणजे १:८७. तिचा १६.५ मिलिमीटरचा रूळ परदेशी स्टँडर्ड गेजचा आहे. आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज त्या मापात १९ मिलिमीटरच्या वर जातो. तयार रूळ वापरला असेल तर तसं सरळ लिहा, जाणकार वाचक पहिल्या फोटोतच ते ओळखतात. बोरघाटाचा १:३७ चढ, तिथे धावलेलं ‘खेकडा’ इंजिन, हे आपल्याला पाठ असतं. परदेशी वाचकाला ते समजावून सांगावं लागतं. अशाच तपशिलांमुळे लेख उठून दिसतो.

पाठवण्याआधी त्या मासिकाचे लेखकांसाठीचे नियम वाचा आणि संपादकाला चार ओळी व तीन-चार छोटे फोटो पाठवून विचारा. एकच लेख एकाच वेळी दोघांकडे पाठवू नका. होकारानंतरही छापून यायला महिनोन् महिने जातात, कधी वर्षाच्याही वर. हक्क कायमचे घेतात की फक्त एकदा छापण्यापुरते, मानधन स्वीकृतीवर मिळतं की प्रसिद्धीनंतर, हे लेखी घ्या. सगळे हक्क दिले तर तेच फोटो पुढे आपल्या पुस्तकात वापरता येत नाहीत.

अमेरिकी प्रकाशक पैसे देण्याआधी साधारणपणे ‘डब्ल्यू-८बेन’ फॉर्म मागतो. तो भरायला शुल्क नसतं. परदेशातून रक्कम येताना बँका आपला आकार कापतात, लहान मानधनात ते जाणवतं, म्हणून आपल्या बँकेत दर आधीच विचारा. मिळालेली रक्कम आयकर विवरणपत्रात दाखवा. आणि छापील अंकाच्या प्रती हव्या असतील, तर त्या किती मिळतील व टपालखर्च कोण देणार, हेही हक्क-मानधनाच्या पत्रातच विचारून घ्या.